मोबाईल चोरीला गेला की 'हरवला'?

प्रश्न : बाजारात माझा पंधरा हजारांचा मोबाईल मारला, चौकीवर म्हणतात "हरवला असं लिहून द्या". असं का हो? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : अहो, आकड्यांचा खेळ आहे हा. चोरी लिहिली की स्टेशनच्या खात्यात एक गुन्हा वाढला, मग वरचे साहेब विचारणार तपास कुठे आला, आणि हरवला लिहिलं की ना गुन्हा ना तपास. न्यूयॉर्कात १९९४ ला पोलिसांच्या कामाचा आकड्यांवरून हिशेब घेणारं कॉम्पस्टॅट आलं, मीटिंगमध्ये नकाशावर गुन्हे दाखवून अधिकाऱ्यांना फैलावर घ्यायचे, कामाला वेग आला पण गुन्हे सौम्य करून लिहितात अशी बोंबही तिथे झालीच. आपल्याकडे तर गुन्ह्यांचा दर काढतात लाख लोकसंख्येमागे, त्या लोकसंख्येत कळंगुटला आलेले टुरिस्ट मोजलेच जात नाहीत, मग गोव्याची तुलना करायची कशी? खरं तर नोंदी वाढणं म्हणजे लोक न घाबरता चौकीवर येतात असंही असू शकतं, पण हे प्रमोशनच्या फायलीत कोण लिहिणार!

तुम्ही सही करू नका. पाच हजार किंवा त्यावरची चोरी दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांनी तपास करायचा गुन्हा, एफआयआर घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाने २०१३ लाच सांगितलंय. नाहीच घेतला तर एसपींना, म्हणजे पोलीस अधीक्षकांना, लेखी पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.