ग्रहांच्या कक्षा खरोखर किती लांबट असतात?

प्रश्न : ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतात असे पाठ्यपुस्तकात असते आणि शेजारच्या आकृतीत ती कक्षा चांगलीच लांबट दाखवलेली असते. ती प्रत्यक्षात तशी असते का? एखाद्या ग्रहाची कक्षा अचूक वर्तुळाकार असू शकेल का?

उत्तर : विधान बरोबर आहे, आकृतीत मात्र समजावण्याच्या सोयीसाठी फार अतिशयोक्ती केलेली असते. पृथ्वीची कक्षा प्रमाणशीर काढायची तर कागदावर 10 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. खरी कक्षा तिच्या अरुंद बाजूला त्याहून जेमतेम 0.014 मिलिमीटरने आत येईल, म्हणजे हा फरक पेन्सिलीच्या रेघेतच लपून जाईल. सूर्य मात्र केंद्रापासून 1.7 मिलिमीटर बाजूला, लंबवर्तुळाच्या नाभीवर (लांब अक्षावर केंद्राच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असलेल्या दोन खास बिंदूंपैकी एकावर) ठेवावा लागेल आणि ते नजरेला सहज जाणवेल. त्यामुळेच सूर्यापासूनचे आपले अंतर जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे 14.71 कोटी, तर जुलैच्या सुरुवातीला सुमारे 15.21 कोटी किलोमीटर असते. (ऋतू या फरकामुळे होत नाहीत, ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे होतात.)

मंगळासाठी हेच आकडे 0.44 आणि 9.3 मिलिमीटर येतात. सूर्य केंद्राबाहेर ठेवूनही कक्षा वर्तुळाकारच मानली, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ केप्लरचे गणित आणि ज्येष्ठ खगोलनिरीक्षक टायको ब्राहेची मंगळाची निरीक्षणे यांत 8 कलांची, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या साधारण पाव भागाएवढी तफावत राहिली. दुसऱ्या कोणी ती निरीक्षणाची चूक म्हणून सोडून दिली असती; टायकोच्या अचूकतेवर भरवसा असलेल्या केप्लरने वर्तुळच सोडले आणि 1609 मध्ये लंबवर्तुळाचा नियम प्रसिद्ध केला.

गणिताच्या दृष्टीने वर्तुळाकार कक्षेला काहीच आडकाठी नाही, कारण वर्तुळ म्हणजे दोन्ही नाभी एकत्र आलेले लंबवर्तुळच होय. पण त्यासाठी ग्रहाचा वेग त्या अंतराला नेमका जुळणारा आणि सूर्याकडे जाणाऱ्या रेषेशी काटेकोर काटकोनात असावा लागतो. तसे एकदा जुळून आले, तरी इतर ग्रहांचे गुरुत्वाकर्षण ते फार काळ टिकू देत नाही. ग्रहांपैकी शुक्र वर्तुळाच्या सर्वांत जवळ आहे, तर बुध सर्वांत दूर : त्याचे सूर्यापासूनचे अंतर 4.6 ते 7 कोटी किलोमीटर असे बदलते. उपग्रहांची गोष्ट थोडी वेगळी आहे. नेपच्यूनच्या ट्रायटनची कक्षा भरतीबलांमुळे (ग्रहाची ओढ उपग्रहाच्या जवळच्या व दूरच्या बाजूंवर कमीजास्त असल्यामुळे) होणाऱ्या घर्षणाने इतकी गोल होत गेली आहे की, शुक्राची कक्षाही तिच्यापुढे ओबडधोबड ठरावी.