कवी व्यायामशाळेत काय शिकवणार?

प्रश्न असा आहे: स्लोव्हेनियन कवी व्हालेन्टिन वोदनिक (1758–1819) यांच्यावरच्या एका मराठी टिपणात 'ते ल्युब्लियानाच्या व्यायामशाळेत शिकवत' असं वाक्य आहे. ते बरोबर आहे का?

साफ चूक. वोदनिक पाद्री होते, जोर-बैठकांशी त्यांचा संबंध नाही. 1798 पासून ते 'गिम्नाझिया'त, म्हणजे माध्यमिक शाळेत शिकवू लागले. काव्यशास्त्र, पुढे इतिहास-भूगोल. भाषांतरकाराला इंग्रजीतलं 'जिम्नॅशियम' दिसलं आणि गाडी घसरली.

घसरण मात्र समजण्यासारखी आहे. ग्रीक 'गुम्नोस' म्हणजे उघडा. उघड्या अंगानं कसरत करायची जागा ती 'गुम्नासिऑन'. तिथेच तत्त्वज्ञांची बैठक जमे. प्लेटोची अकादमी मुळात असंच एक मैदान. पुढे जर्मन मुलखानं शब्दातली शाळा उचलली, इंग्रजीनं घाम. वोदनिक ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राज्यातले, तिथे जर्मन वळण, म्हणून शाळा.

गंमत म्हणजे आपण याच वाटेनं उलटे गेलो आहोत. अरबी 'तालीम' म्हणजे शिक्षण, हिंदी-उर्दूत आजही तेच. मराठीत मात्र तालीम म्हटलं की कोल्हापूरची लाल माती. (नाटकाची तालीम वेगळी, पण तिथेही घाम गाळावा लागतोच.) उद्या कुणी उर्दूतलं 'त्यांची तालीम लाहोरला झाली' वाचून त्या माणसाला पैलवान ठरवलं, तर आपण हसूच ना?

या चुकीत वोदनिकांचं खरं काम झाकलं जातं, हे मला जास्त खटकतं. नेपोलियनच्या फ्रेंचांनी 1809 मध्ये ल्युब्लियानाचा हा प्रदेश घेतला आणि खालच्या वर्गांत स्लोव्हेन भाषेला जागा दिली. वोदनिकांनी लगेच शाळेसाठी व्याकरण लिहिलं. 1811 च्या त्या पुस्तकात फ्रेंच राजवटीचं स्वागत करणारी स्वतःची कविताही घातली. ऑस्ट्रियाची सत्ता परतल्यावर ती कविता महागात पडली: 1815 मध्ये सक्तीची निवृत्ती.

तेव्हा 'माध्यमिक शाळेत' लिहा. मूळ शब्दच ठेवायचा तर 'ग'नं, 'गिम्नाझिया'. 'जि' दिसला की वाचकाला डंबेल्स आठवतात. स्लोव्हेन माणूस व्यायामाच्या जागेला 'तेलोवाद्नित्सा' म्हणतो. 'तेलो' म्हणजे शरीर.