पूर ओसरला की नुकसान संपतं का?

नाही संपत, खरं तर तिथूनच सुरू होतं. आमच्या नागपूरचंच बघा ना, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी थेट लोकांच्या घरात. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डी, मोरभवन सगळं पाण्यात.

सरकारनं घरामागे १० हजार, दुकानाला ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली, पण फ्रीज, गाद्या, गाडीचं इंजिन, पोरांची पुस्तकं, दुकानातला उधारीवर आणलेला माल, हे सगळं त्यात कसं बसणार? इन्शुरन्स तर बहुतेकांचा नसतोच. सगळ्यात वाईट हाल भाड्यानं राहणाऱ्यांचे आणि टपरीवाल्यांचे, म्हणजे रोज कमावलं तर रोज चूल पेटते अशांचे. ते मग सावकाराकडे जातात नाहीतर बायकोचे दागिने गहाण टाकतात, आणि हे कर्ज कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आणि भीती राहतेच. आमच्या शेजारच्या आजी अजूनही रात्री जोराचा पाऊस आला की उठून कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवतात.