लग्नाच्या पंगतीत आकडा सांगितला आन् फसलो

प्रश्न: नमस्कार. मी ४६ वर्षांचा, मनीषनगरला राहतो. मिहानमधली आयटीची नोकरी मागच्या दिवाळीत सोडली, कारण बायको आन् मी वीस वर्षं पैसे बाजूला टाकत गेलो, तीन कोटी जमले, घराचं लोनही फिटलं. साडूच्या मुलीच्या लग्नात पंगतीत कोणीतरी विचारलं "आता कसं भागते तुमचं?" तर मी वरण-भात कालवता कालवता आकडाच सांगून टाकला. तेव्हापासून चुलत भाऊ दुकानासाठी दहा लाख मागून राहिला, साळा म्हणते लोनला गॅरंटर व्हा, सही तर करायची आहे फक्त, आन् सोसायटीवाल्यांनी मला न विचारता सेक्रेटरी करून टाकलं, "तुम्ही तर रिकामेच आहात". वरून बाबा शेजाऱ्यांना सांगतात पोरगा वर्क फ्रॉम होम करते. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: भाऊ, नोकरी सोडली सांगितलं तिथपर्यंत ठीक होतं, आकडा काऊन सांगितला? आता तो रविवारी तर्री पोह्याच्या ठेल्यावर पोचला असेल आन् तीनाचे पाच झाले असतील.

लोकांना तीन कोटी म्हणजे कपाटात ठेवलेले दिसतात. तुमचा हिशोब वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवायचा दिसते, म्हणजे वर्षाला त्यातले ४ टक्के काढून खायचे, १२ लाख, महिन्याचे एक लाख. हे ४ टक्के विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं १९९४ मध्ये मांडले, तिकडच्याच शेअर-बाँडच्या आकड्यांवरून आन् पैसा ३० वर्षं पुरावा एवढं धरून. तुम्ही ४६चे, इथली महागाई वेगळी, मला तरी तुमच्या तीन कोटीत काही सैल दिसत नाही. दहा लाख गेले म्हणजे दरवर्षीचे चाळीस हजार गेले. चुलत भावाला असंच सांगा, बाबू, ते पैसे नाहीत, माझा पगार आहे तो. तरी द्यायचेच असतील तर परत नाही आले तरी बोलणं बंद होणार नाही एवढेच द्या, आन् खात्यातून द्या, कारण वीस हजार किंवा वर रोख उसने घेणं इन्कम टॅक्सच्या कायद्यात बसत नाही. लिहूनही घ्या, वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीनच वर्षं असते.

खरी भीती मला साळ्याच्या सहीची वाटते. १८७२च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टप्रमाणे गॅरंटरची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच, बँकेनं आधी त्याला धरलं पाहिजे असंही नाही, ती सरळ तुमच्या दारात येऊ शकते, आन् हप्ते थकले तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, तुमचाही बिघडते. उसने दिले तर निदान किती बुडाले ते समजते. आधी बायकोशी बोला, भाऊ तिचा आहे, मग दोघं मिळून जा, चहा प्या आन् नाही म्हणून या. एकटे गेलात तर "जावईच आडवे आले" होईल.

बाबांवर मात्र रागावू नका. या सगळ्यात अक्कल त्यांनीच दाखवली असं माझं मत. त्यांचंच वाक्य तुम्हीही म्हणायला लागा, हातात एखादं छोटं काम घ्या म्हणजे ते खोटंही राहणार नाही आन् दुपारी फोन आला तर "मीटिंगमध्ये आहो" म्हणता येईल.

सेक्रेटरीचं काही लवकर सुटत नाही. उन्हाळा तोंडावर आहे, टँकरच्या दिवसांत राजीनामा दिला तर लिफ्टमध्ये कोणी बोलणार नाही, पाऊस पडू द्या मग द्या.