वाचकांचे प्रश्न : गाडीतला सिरॅमिक कपॅसिटर बदलताना

प्रश्न : आमच्या दुकानात गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल दुरुस्तीला येतात. एका मॉड्यूलमध्ये बॅटरीच्या १२ व्होल्टच्या लाइनवरचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट झाला होता. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा, तेवढ्याच मूल्याचा (म्हणजे धारकतेचा) आणि मापाचा साधा कपॅसिटर लावला तर चालेल का?
– एक वाचक, ग्रँट रोड, मुंबई

उत्तर : लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे कपॅसिटर बहुधा व्होल्टेजमुळे नव्हे, तर बोर्ड वाकल्यामुळे निकामी होतात. स्क्रू आवळताना किंवा कनेक्टर दाबून बसवताना बोर्डाला जो बाक येतो, त्याने टोकावरच्या धातूच्या कडेपासून एक तिरकी भेग आत शिरते आणि एकमेकांजवळचे इलेक्ट्रोडचे थर छेदते. ही भेग धातूखाली झाकलेली असल्यामुळे भिंगातूनही सहसा दिसत नाही, आणि मीटरवर मूल्यही काही काळ जवळजवळ योग्यच येते. पुढे आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तिच्यात ओलावा मुरला की शॉर्ट होतो. बॅटरीच्या लाइनवर त्यामुळे बोर्ड जळण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

गाड्यांसाठीचे कपॅसिटर एईसी-क्यू२०० या मानकाच्या चाचण्यांतून गेलेले असतात. त्यांत तापमानाची १००० आवर्तने आणि ८५ अंश सेल्सिअस व ८५ टक्के आर्द्रतेतले १००० तास येतात, शिवाय बोर्ड वाकवूनही पाहिला जातो. बॅटरीच्या लाइनसाठी तर टोकांच्या धातूत वाहक रेझिनचा लवचीक थर असलेला प्रकारच मागावा. या कपॅसिटरवर सहसा काहीच छापलेले नसते, त्यामुळे सुटा माल पाहून दर्जा ओळखता येत नाही. रीलवरचे लेबल आणि पार्ट नंबर मिळत असेल तरच घ्यावा.

मूल्याबाबतही सावध राहावे. एक्स७आर या सिरॅमिकच्या प्रकारात धारकतेतला बदल उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत १५ टक्क्यांच्या आत राहतो, हे खरे. पण ती हमी तापमानापुरतीच असते. डीसी व्होल्टेज लागताच बेरियम टायटेनेटच्या, म्हणजे या सिरॅमिकच्या, कपॅसिटरची धारकता घटते आणि लहान मापात ती निम्म्याहूनही खाली येऊ शकते. चालू अल्टरनेटरवर बॅटरीची जोडणी सुटली तर व्होल्टेज उसळते, म्हणून १६ व्होल्टचा भाग टाळून मूळ रेटिंगचा, ते कळत नसल्यास ५० व्होल्टचा घ्यावा.

बसवताना बोर्ड आधी तापवून घ्यावा आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक सिरॅमिकला टेकू देऊ नये. मूळ जागी एकमेकांशी काटकोनात, मालिकेत जोडलेले दोन कपॅसिटर असतील, तर एक शॉर्ट झाला तरी दुसरा लाइन वाचवावा म्हणून ते तसे दिलेले असतात. त्यांच्याऐवजी एकच कपॅसिटर लावून काम भागवू नये.