पाण्याच्या डब्यानं मायलेज वाढत नाही

हायड्रोजन किटबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

डब्यातल्या पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनात सोडणाऱ्या किटनं पेट्रोल वाचतं का? (भांडुप)

नाही. ऐकीव गोष्टी सोडा, हिशेब पाहा. सहा सेलचं (विजेनं पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या कप्प्यांचं) किट बारा व्होल्टवर 10 अँपिअर घेतं असं धरू. तासाभरात जेमतेम सव्वादोन ग्रॅम हायड्रोजन मिळतो. त्यातली ऊर्जा 8-9 मिलिलिटर पेट्रोलइतकी. किटला लागणारी वीज अल्टरनेटरची, म्हणजे गाडीतल्या जनित्राची; अल्टरनेटर फिरतो इंजिनावर आणि इंजिन चालतं तुम्ही पंपावर भरलेल्या पेट्रोलवर. इंजिन पेट्रोलमधली साधारण पाव ऊर्जा कामी लावतं, अल्टरनेटर त्यातल्या साठेक टक्क्यांची वीज करतो. म्हणजे तेवढ्या विजेपायी 90 मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल जळतं. नव्वद घालवून नऊ मिळवायचे!

‘ज्वलन सुधारतं’ हे विक्रेत्यांचं ठरलेलं उत्तर. हायड्रोजनची ज्योत वेगानं पसरते, हे खरं. पण धड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल जवळपास पूर्णच जळतं. सुधारायला उरतं काय? मला खरा राग येतो तो किटसोबतच्या ‘चिप’चा. ती ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाचा) सिग्नल बदलून इंजिनाला पेट्रोल कमी सोडायला लावते. मायलेज थोडं वाढलेलं दिसतं ते तिच्यामुळे, आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू वाढू शकतात. पैसे देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

दिल्लीत हायड्रोजन मिसळलेल्या सीएनजीवर बस चालल्या. माझ्या टॅक्सीत का नको? (कुर्ला)

तो 2020 मधला प्रयोग. सुमारे 18 टक्के हायड्रोजनचं मिश्रण प्लांटमध्ये मोजूनमापून तयार झालं होतं. गॅरेजमध्ये ते जमत नाही. हायड्रोजननं काही जातींचं पोलाद ठिसूळ होतं. सीएनजी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) तीन वर्षांनी करावी लागते. तुमची राहिली असेल तर आधी ती करा.

किट बसवल्यावर आरटीओत कळवायचं का?

बसवण्याआधी. विमा कंपनीलाही लेखी विचारा.

किट बसवून बरेच महिने झाले. डबा तापतो, फेस येतो, इंजिनचा दिवा लागलाय. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल? (वसई)

नाही चालणार. हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला की ठिणगीनं पेटतो, आणि त्याला वास नसतो. डब्यातल्या पाण्यात बहुधा कॉस्टिक (तीव्र क्षार) असतं, त्यानं हात भाजतो. स्वतः उघडू नका. गाडी मोकळ्या जागी उभी करून बंद ठेवा, आजच सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि टो करून न्या.