वाचकांचे प्रश्न : पर्वरीची भिंत, सावईवेऱ्याची माटोळी आणि काणकोणचा फणस

या खेपेच्या पत्रांत लाकूडच लाकूड आहे. पाऊस ओसरायला लागला की गोव्यातल्या लोकांना घर सजवायची हुक्की येते आणि मोबाइलवर कुठल्यातरी बर्फाळ मुलखातली लाकडी घरं बघून पत्रं येतात. बघा हवी तेवढी. पण तिकडे हवा कोरडी असते आणि आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे. पलंगामागच्या भिंतीला लाकडी पॅनेल लावून रस्टिक लुक द्यायचा आहे. ठेकेदार एमडीएफची उभ्या खाचांची पॅनेल सुचवतो. ती थेट भिंतीवर चिकटवली की काम दोन दिवसांत होईल म्हणतो. भिंत पश्चिमेची आहे. जुलैत तिच्यावर पिवळट डाग आले होते, तेही झाकले जातील. तुमचं मत काय? (एक वाचक, पर्वरी)

ताई, डाग झाकले जातील हे खरं. पॅनेलच्या आड त्यांना आरामात वाढायला जागा मिळेल, हेही तितकंच खरं.

आपला पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो आणि पश्चिमेची भिंत त्याचा मार खाते. पाणी बहुतेकदा तीन ठिकाणांहून आत शिरतं: काँक्रीटचा कॉलम आणि चिऱ्यांचं किंवा ब्लॉकचं बांधकाम जिथे भेटतं तिथली केसाएवढी चीर, खिडकीखालचा कट्टा, आणि एसीच्या पाइपसाठी पाडून नीट न बुजवलेलं भोक. हे तिन्ही बाहेरून बघून घ्या. दुरुस्तीही बाहेरूनच करायची असते. आतून वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे पाण्याला दुसऱ्या वाटेने यायला सांगणं.

ओल अजून आहे का, हे घरीच तपासता येतं. हातभर रुंद प्लास्टिकचा तुकडा डागावर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूने थेंब जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूने ओलसर झालं, तर दोष हवेचा आहे, भिंतीचा नाही. ही परीक्षा भर पावसात करायची. मे महिन्यात सगळ्याच भिंती पास होतात.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटद्रव्यात दाबून केलेली फळी. कडेने पाणी प्यायली की ती फुगते आणि वाळल्यावरही पुन्हा खाली बसत नाही. खाचा पाडलेल्या पॅनेलला तर कडाच कडा. पश्चिमेच्या भिंतीवर ते लावायला माझी ना आहे.

त्याऐवजी आतली भिंत घ्या, म्हणजे हॉल आणि बेडरूम यांच्यामधली. पलंग तिकडे फिरवावा लागला तर फिरवा. तिच्यावर खऱ्या सागवानाच्या फळ्या लावा. बजेट नसेल तर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेल्या प्लायवर सागाचं विनियर (पातळ पापुद्रा) चालेल. शिक्का प्रत्येक शीटवर असतो. माल उतरवताना स्वतः उभं राहून वाचा, नुसत्या बिलावर भरवसा ठेवू नका.

फळ्या बसवताना भिंतीवर आधी आडव्या रिपा (लाकडी पट्ट्या) माराव्या लागतात, निदान वीस मिलिमीटर जाडीच्या. मागची हवा खालून वर खेळावी म्हणून या रिपा सलग ठेवत नाहीत, मध्येमध्ये तोडतात. फळी फरशीपासून बोटभर वर आणि छतापासून तेवढीच खाली. वरखाली पट्टी येते, ती फट झाकते पण बंद करत नाही. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. लोखंडी खिळ्याभोवती दोन पावसांत काळं वर्तुळ उमटतं, कारण लाकडातलं टॅनिन आणि गंज यांचं जमतं.

आता जे पुष्कळ सुतारही टाळतात ते सांगते. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. सहा इंची सागाची फळी जानेवारीच्या कोरड्या हवेतून भर पावसात आली की दीड-दोन मिलिमीटर रुंद होते. एका फळीचं काहीच वाटत नाही. पण दहा फुटी भिंतीवर अशा वीस फळ्या बसतात, म्हणजे सगळ्यांची वाढ मिळून तीन-चार सेंटिमीटर. ती जाणार कुठे? फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या असतील तर भिंत मधून पोट काढते. म्हणून टंग-ग्रूव्हची, म्हणजे एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असलेली, फळी एकाच कडेला मारायची, जिथे जीभ आहे तिथे. दुसरी कड शेजारणीच्या खाचेत मोकळी सरकली पाहिजे. जानेवारीत काम केलं तर प्रत्येक सांध्यात नखाएवढी फट सोडा. ऑगस्टमध्ये केलं तर फळ्या भिडवल्या तरी चालतील, हिवाळ्यात फट आपोआप पडेल.

राहिला तुमचा रस्टिक लुक. त्यासाठी फळीवर डाग पाडू नका, साखळीने ठोकू नका, कृत्रिम वाळवीची भोकं तर मुळीच नकोत (अशी भोकं पाडून देणारे आहेत, मी बघितले आहेत). करवतीच्या खुणा थोड्या राहू द्या, गाठी दिसू द्या, वर मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात. स्पिरिट पॉलिश पावसाळ्यात कुणी करून देतो म्हणाला तर थांबवा. दमट हवेत ते पांढुरकं पडतं. एकच भिंत करा. साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत चारही भिंती लाकडी केल्या तर दिवसाही दिवे लावून बसावं लागेल. बाकीच्या भिंतींना चुना किंवा चुन्यासारखा पांढरा रंग द्या. आपल्या जुन्या घरांत लाकूड उठून दिसतं ते शेजारच्या त्या पांढऱ्यामुळेच.

आमचं सावईवेऱ्याचं घर कौलारू आहे. हॉलला खालून लाकडी छत करून घ्यायचं आहे. मुलगा म्हणतो जिप्समवर लाकडाच्या रंगाची पॅनेल लावू, स्वस्त पडतं. माझा प्रश्न वेगळा आहे. चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी कुठे बांधायची? (एक वाचक, सावईवेरे)

काका, यंदाच्या पत्रांतला सगळ्यात शहाणा प्रश्न तुमचा.

जिप्समचं छत पत्र्याच्या पातळ चॅनेलवर लोंबतं. ते स्वतःचं वजन पेलतं, पाहुण्याचं पेलत नाही. माटोळीचा हिशेब मांडा. सोडणासकट एक नारळ किलो-दीड किलो भरतो आणि तुम्ही पेंडच्या पेंड लावणार. केळीचा घड, सुपारीचा घड, तोरिंजन, कवंडळ, भोपळा, वर दोऱ्या आणि चौकट. पन्नास किलो सहज होतात. दीड दिवसाचा गणपती असला तरी ते वजन रात्रभर लोंबणार, आणि खाली देव.

तेव्हा माटोळीचे हूक छताच्या फळीत नकोत, जिप्समच्या चॅनेलमध्ये तर नकोतच. ते थेट तुळईत बसवायचे. छत घालण्यापूर्वी मेस्ताला (सुताराला) बोलावून जिथे माटोळी येते तिथे, तुळईच्या आरपार, डोळ्याचे चार बोल्ट घालून घ्या, वरून वॉशर आणि नट. खिळ्यासारखे ठोकलेले हूक कालांतराने ढिले होतात. मग छताच्या फळीला नेमकी तिथे भोकं पाडून बोल्टचे डोळे खाली काढायचे. वर्षभर ते पितळी टोपणाखाली दिसतही नाहीत. त्याआधी तुळईच तपासा. मत्तीची किंवा किंदळाची जुनी तुळई वरून धडधाकट दिसते आणि भिंतीत शिरते तिथे पोकळ असते. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. आवाज भद्द आला तर तिथे सुरी खुपसून बघा.

छतासाठी माझं मत खऱ्या लाकडी तक्तपोशीला. कौलांखाली जिप्सम नको. कौलं दर पावसाआधी चाळावी लागतात, एखादं सटकतं, एक धार गळते. फळीवर पाण्याचा डाग पडतो आणि राहतो. जिप्समचा मात्र तुकडाच खाली येतो. तक्तपोशीत एका कोपऱ्यात माणूस वर जाईल एवढी उचलती झडप ठेवा, नाहीतर कौलं चाळायला येणारा फळ्यांवरूनच चालेल. आणि वळचणीकडच्या फटींना आतून बारीक जाळी लावा. फळ्यांच्या वर उदमांजराने बिऱ्हाड केलं की वास आणि आवाज दोन्ही हॉलमध्ये येतात, आणि ते बिऱ्हाड हलत नाही.

मुलाला सांगा, पैसे वाचवायचे असतील तर देवघराजवळचा अर्धा हॉल यंदा करा, बाकीचा पुढच्या वर्षी. तक्तपोशी टप्प्याटप्प्याने होते.

घरामागे आजोबांनी लावलेला फणस आहे. ऑगस्टच्या वादळात तो घराकडे कलला. तोडून त्याच्याच फळ्यांनी पुढच्या खोलीची भिंत मढवायची इच्छा आहे. आठवण राहील. तोडल्यावर किती दिवसांत काम सुरू करता येईल? (एक वाचक, काणकोण)

बाब, दिवसांचं सोडा, वर्षाच्या भाषेत बोलू.

आधी कागद. झाड तुमच्या आवारातलं असलं तरी गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली तोडण्यासाठी वनखात्याच्या ट्री ऑफिसरची परवानगी लागते. झाड घरावर पडायला आलंय हे अर्जात लिहा, फोटो जोडा. ओंडके सॉ मिलला न्यायला वेगळा कागद लागतो का, हे त्याच भेटीत विचारा, म्हणजे टेम्पो वाटेत अडणार नाही.

आता लाकूड. फणस फार चांगला निवडलात. त्याचा गाभा पिवळाधमक असतो आणि उजेडात हळूहळू मधासारखा, मग तांबूस होत जातो. मृदंगाचं खोड याच लाकडाचं करतात. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीलगतचा फिकट भाग, सुतार ज्याला कच्चं म्हणतात, तो किडा आवडीने खातो. कापणाऱ्याला तो भाग काढून टाकायला सांगा, फळ्या अरुंद झाल्या तरी चालतील.

ओंडके एक-एक इंचाच्या फळ्यांत कापून घ्या. रंधल्यावर त्या पाऊण इंच राहतील, भिंतीला तेवढ्या पुरतात. कापल्या दिवशीच फळ्यांच्या दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण फासा, कारण टोकांकडून ओल झपाट्याने निघते आणि तिथूनच चिरा पडतात. मग पडवीत, जमिनीपासून फूटभर उंच, फळ्यांचा थर रचा. दर दोन थरांमध्ये दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या रिपा घाला. सगळ्या रिपा वरपासून खालपर्यंत एका ओळीत आल्या पाहिजेत. एक जरी बाजूला सरकली तरी खालची फळी तिथे वाकते आणि वाकलेलीच सुकते. वर चिऱ्यांचं वजन ठेवा. ऊन नको, पाऊस नको, वारा हवा. जुने मेस्त इंचाला एक वर्ष धरतात. भट्टी असलेल्या मिलमध्ये हेच काम काही आठवड्यांत होतं, पण तिथून आणल्यावरही फळ्या महिनाभर त्याच खोलीत ठेवून मग बसवा. मेस्ताकडे ओल मोजायचं छोटं यंत्र असेल तर बारा ते चौदा टक्के आकडा आला की कामाला लागा.

भिंत पुरी होण्याइतक्या फळ्या निघतील असं धरू नका. कलत्या झाडाच्या खोडात ताण असतो, बऱ्याच फळ्या कापतानाच पिळतात. त्या बाजूला काढून पाट करा.

वेर्ण्याच्या कारखान्यांतून पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी) फुकट मिळतात. त्यांच्या पट्ट्यांनी बाल्कनीची भिंत आणि मुलांच्या खोलीत शेल्फ करायचं आहे. चालेल ना? (एक वाचक, दाबोळी)

शिक्का बघितल्याशिवाय उचलू नका. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि शेजारी अक्षरं असतात. एच.टी. असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर निदान अर्धा तास तापवलेलं आहे, ते घरात चालतं. एम.बी. असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरावलेलं आहे, ते मुलांच्या खोलीत आणू नका. शिक्काच नसेल किंवा तेला-रसायनाचे डाग असतील तर तेही नको, पॅलेटवर काय सांडलं होतं हे कुणीच सांगू शकत नाही. तापवलेलं आहे म्हणजे पुढे वाळवी लागणार नाही असा मात्र अर्थ नाही. हे बहुधा पाइन असतं आणि आपल्या वाळवीला ते फार आवडतं. बाल्कनीत नको, तिथे पावसाची झड येते. मुलांच्या शेल्फला वापरा, आधी सगळे खिळे काढून, कडा घासून.

नवीन घेतलेल्या आंब्याच्या लाकडाच्या रस्टिक टेबलाखाली रोज सकाळी पिठासारखी पूड दिसते. वाळवी का? (एक वाचक, म्हापसा)

वाळवी असती तर पायाशी मातीची नळी दिसली असती. हा भुंगेरा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं शोधा, तिथून ती पूड पडते. टेबलाखाली काळा कागद पसरा. आठवडाभर कागद कोरा राहिला तर कीड बहुधा गेलेली आहे, पूड पडत राहिली तर जिवंत आहे. जिवंत असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टेबलाच्या खालच्या, पॉलिश नसलेल्या बाजूला ब्रशने दोन-तीनदा भरपूर पाजा आणि भोकांत सुईने सोडा. पॉलिशवरून लावून उपयोग नाही, आत जिरत नाही. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. तोवर ते टेबल सागाच्या किंवा बांबूच्या सामानापासून लांब, गॅलरीत राहू दे, आणि दुकानदाराकडे पावती व कागदावरची पूड दोन्ही घेऊन जा.